बोली पाच वस्तूंची, पाकीट एक, मग टपालखर्च पाच वेळा का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी मराठी पुस्तके, दिवाळी अंक, टपाल तिकिटे, फर्स्ट डे कव्हर (नवे तिकीट लावून ते निघाल्याच्या दिवसाचा शिक्का मारलेली पाकिटे), जुनी पोस्टकार्डे यांचा बाजार आता मोठ्या प्रमाणावर व्हॉट्सअॅप आणि फेसबुकवरच्या गटांत आणि लिलावाच्या संकेतस्थळांवर भरतो. या बाजारातली एक वाईट सवय अजून मोडत नाही. एकाच संध्याकाळी एकाच विक्रेत्याचे पाच लॉट, म्हणजे लिलावाला लावलेल्या पाच वस्तू किंवा संच, एका माणसाने जिंकले, तरी हिशेबात टपालखर्च पाच वेळा लागतो आणि माल मात्र एकाच पाकिटात येतो. काही जण ती रक्कम मुकाट्याने भरतात. बरेच जण पहिल्या लॉटवर थांबतात आणि पुढची बोली लावतच नाहीत. विक्रेत्याला हे दुसरे नुकसान दिसत नाही, म्हणून ते चालू राहते.

टपाल खाते पाकिटातल्या वस्तू मोजत नाही, वजनाचे टप्पे मोजते. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे नवे दर आले. अनेक गटांत अजूनही 'रजिस्टर पोस्ट' म्हणून जुना आकडा लिहिला जातो, तो आता निरर्थक आहे. नव्या दरांनुसार कागदपत्रांचे ५० ग्रॅमपर्यंतचे पाकीट गावातल्या गावात १९ रुपयांत जाते. गावाबाहेर अंतर कितीही असो, ४७ रुपये. ५१ ते २५० ग्रॅमला स्थानिक दर २४ रुपये, २०० किलोमीटरपर्यंत ५९, ५०१ ते १,००० किलोमीटरला ६८ आणि २,००० किलोमीटरच्या पुढे ७७. या सगळ्यांवर १८ टक्के जीएसटी. पाकीट ज्याच्या नावाचे त्याच्याच हाती पडावे असे वाटत असेल, तर नोंदणीचे ५ रुपये आणि त्यावरचा कर वेगळा.

आता हे आकडे प्रत्यक्ष मालाला लावून पाहा. साधे फर्स्ट डे कव्हर आतल्या कार्डासह ८ ग्रॅमच्या आसपास भरते. त्याला आधार म्हणून दोन्ही बाजूंना लावलेले जाड पुठ्ठे आणि बाहेरचे पाकीट मिळून २४ ते २५ ग्रॅम. म्हणजे एक कव्हर पाठवले तर ३२ ग्रॅम, तीन पाठवली तरी ४८. चौथ्याला टप्पा ओलांडतो, पण पुढच्या टप्प्यात पंचविसाव्या कव्हरपर्यंत खर्च एक पैशानेही वाढत नाही. पुण्याहून नागपूरला बारा कव्हरे सुटी पाठवली तर करासह सुमारे ६६५ रुपये होतात. एकत्र पाठवली तर सुमारे ८०. हा फरक विक्रेत्याने खिशातून द्यायचा नाही, कारण तो खर्च मुळात झालेलाच नसतो.

सूट म्हटली की विक्रेत्याला वाटते, आपले काहीतरी जाणार. लिलावात नेमके उलटे होते. बोली लावणारा मनात एकूण रकमेचा हिशेब धरतो. एखादे कव्हर घरपोच १५० रुपयांपर्यंत घ्यायचे असे त्याने ठरवले आणि टपाल ५५ असेल, तर त्याची बोली ९५ वर थांबते. त्याच विक्रेत्याची चार कव्हरे त्याने आधीच जिंकली असतील आणि पाचव्याला वाढीव टपाल शून्य आहे हे त्याला माहीत असेल, तर तो १५० पर्यंत जाऊ शकतो. असे दोन बोलीदार समोरासमोर आले की टपालात वाचलेले पैसे वस्तूच्या किमतीत येतात, म्हणजे विक्रेत्याकडेच परत येतात. बोलीदार एकटाच असेल तर किंमत वाढणार नाही, हे मान्य. पण निदान तो पाचव्या लॉटला हात तरी घालेल. तीस-चाळीस रुपयांच्या किरकोळ लॉटांना तर याशिवाय गिऱ्हाईकच मिळत नाही. तीस रुपयांच्या तिकिटासाठी सत्तर रुपये टपाल कोण भरेल?

मात्र यासाठी सवलत बोली सुरू होण्याआधी सांगितलेली असायला हवी. लिलाव संपल्यावर 'बघू, काहीतरी कमी करतो' म्हटल्याने खरेदीदार खूश होईल, पण त्या आश्वासनावर त्याने आधी बोली वाढवलेली नसते. सवलत दिली आणि तिचा फायदा कुणालाच झाला नाही, असा तो प्रकार होतो.

काही विक्रेते मूळ किंमत दहा रुपये ठेवतात आणि प्रत्येक लॉटला शंभर रुपये टपाल लावतात. ही टपालाच्या नावाखाली केलेली कमाई आहे. पुठ्ठा, चिकटपट्टी, पाकीट, पोस्टात जाण्याचा वेळ यांचे पैसे घेण्यात काहीच गैर नाही. पाकिटामागे १५-२० रुपये 'पॅकिंग' म्हणून उघडपणे घ्यावेत. फक्त ते पाकिटामागे असावेत, लॉटमागे नव्हे.

नियम तयार करायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यावा. आधी रिकामे पॅकिंग तोलावे, मग आपण नेहमी विकतो त्या वस्तूंची वजने लिहून ठेवावीत. कुठल्या संख्येला टप्पा ओलांडतो ते शोधावे आणि त्या संख्येवरच नियम बेतावा. 'पहिल्याला ७०, पुढच्या प्रत्येकाला १०' असा नियम सोपा वाटतो, पण तो खऱ्या खर्चाशी जुळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या लॉटला तो उगाच पैसे घेतो आणि चौथ्याला, पत्ता सर्वांत लांबचा असेल तर, विक्रेत्यालाच पाच-सहा रुपयांची झळ लागते. कव्हरांसाठी १५ रुपये पॅकिंग धरून एवढी एक ओळ पुरते: 'टपाल भारतभर: ३ कव्हरपर्यंत एकूण ७० रु., ४ ते २५ पर्यंत एकूण १०५ रु.; १५ दिवसांत जिंकलेले सर्व लॉट एकाच पाकिटात.' १०५ हा आकडा सर्वांत लांबच्या, म्हणजे ७७ रुपयांच्या टप्प्यावरून आला आहे. त्यामुळे पुण्याहून गुवाहाटीला पाठवतानाही जवळपास तोटा होत नाही. गावाबाहेरच्या पण जवळच्या खरेदीदाराचे सुमारे वीस रुपये जास्त जातात. ते टाळायचे तर महाराष्ट्रासाठी वेगळा आकडा द्यावा. एक काळजी मात्र घ्यायची: वरचे दर कागदपत्रांच्या पाकिटांचे आहेत. मालाच्या पार्सलला दरपत्रक वेगळे आहे. तिकिटांचा अल्बम, नाण्यांचे फोल्डर किंवा जाड काही जात असेल, तर ते कशात धरले जाईल हे काउंटरवर आधी विचारून मगच लिलावात आकडा लिहावा.

पुस्तकांच्या बाबतीत एकत्र पाठवण्याचा फायदा आणखी मोठा आहे आणि तिथेच तो सर्वांत कमी घेतला जातो. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, आणि ५ किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये, वर कर. माल रस्त्याने-रेल्वेने जातो, त्यामुळे वेळ लागतो. पण ट्रॅकिंग मिळते. डेमी आकाराचे दोनशे पानांचे कागदी बांधणीचे पुस्तक २३० ग्रॅमच्या आसपास असते. नीट गुंडाळले तरी ३०० च्या आत बसते, पण जेमतेम. जाड पुठ्ठा दोन्ही बाजूंना लावला की बहुधा टप्पा ओलांडतो. याउलट प्रत्येकी ४५० ग्रॅमची दहा पुस्तके एका खोक्यात घातली, तर खोके धरून ४ किलो ८०० ग्रॅम होतात आणि कर वगळता १०० रुपयांपेक्षा जास्त लागत नाहीत. तीच दहा सुटी पाठवली तर प्रत्येकाला २० पेक्षा जास्तच लागणार, म्हणजे दोनशेच्या वर, शिवाय दहा वेष्टने. जुन्या पुस्तकांच्या लिलावात शंभर रुपयांच्या कादंबरीला ऐंशी रुपये कुरिअर लावलेले दिसते, तेव्हा वाईट वाटते. वाचकाला परवडणारा रस्ता समोर असताना तो वापरला जात नाही.

ज्ञान पोस्टच्या अटी मात्र नीट पाळायला हव्यात. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक स्वरूपाच्या छापील पुस्तकांसाठी आहे. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव हवे. व्यापारी स्वरूपाचे प्रकाशन किंवा जाहिराती असलेले प्रकाशन चालत नाही. प्रकाशकाची पुस्तकांची यादी असेल तर हरकत नसते. याचा थेट अर्थ असा की दिवाळी अंक यात बसत नाही, कारण त्यात जाहिराती असतातच. नऊ पुस्तकांच्या खोक्यात एक दिवाळी अंक सरकवला की सगळ्या खोक्याची सवलत धोक्यात येते. ज्या जुन्या पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि पहिली पाने गेली आहेत, त्यावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव उरत नाही. तेही वेगळेच पाठवावे. आत चिठ्ठी किंवा आपल्या पुढच्या लिलावाचे पत्रकही घालू नये. म्हणून एकत्र करताना 'एका खरेदीदाराचे सगळे एकत्र' असे न करता 'एका खरेदीदाराचे, एका सेवेत बसणारे सगळे एकत्र' असे करावे. खोके शक्यतो काउंटरवर आतला माल दाखवून मगच पूर्ण बंद करावे.

५ किलोची मर्यादा गाठताना सगळ्यात जास्त चुका होतात. पुस्तके तोलली जातात, खोके, पुठ्ठा आणि टेप विसरली जाते. घरी ४ किलो ९०० भरलेला गठ्ठा पोस्टाच्या काट्यावर ५ किलो ४० ग्रॅम भरला की सगळे सोडून पुन्हा बांधावे लागते. पुस्तकांचे निव्वळ वजन ४ किलो ६०० वर थांबवावे. जड गठ्ठा पडतोही जोरात आणि मार बसतो तो कोपऱ्यांवर. पुस्तकांचे कणे (शिवणीच्या बाजू) एकाआड एक उलट दिशेने ठेवावेत, म्हणजे गठ्ठा एका बाजूला फुगत नाही. गठ्ठा आधी प्लास्टिकमध्ये बंद करावा, मग चारही कोपऱ्यांना दुमडलेला नालीदार पुठ्ठा, मग खोके. खोक्यात हात घालून हलवल्यावर काही सरकत असेल, तर रद्दी कोंबून ती जागा भरावी. सरकणारे पुस्तकच कोपरा मोडून घेते.

तिकिटांचे दुखणे वेगळे. मागे डिंक असलेली न वापरलेली तिकिटे एकावर एक ठेवून एकत्र पाठवली, तर पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, ती एकमेकांना चिकटतात आणि सगळ्या लॉटची किंमत जाते. प्रत्येक लॉट वेगळ्या स्टॉक कार्डावर (तिकिटे खोचण्याच्या पट्ट्या असलेल्या कार्डावर) किंवा पारदर्शक बटर पेपरच्या पाकिटात ठेवावा. डिंकाची बाजू दुसऱ्या तिकिटाला लागता कामा नये. टेप तिकिटाच्या पाकिटाला थेट लावू नये, पुठ्ठ्याला लावावी. जून ते सप्टेंबर बाहेरच्या पाकिटाच्या आत प्लास्टिकचे एक आवरण हवेच.

सगळे नेहमी एकत्र पाठवावे, असे मात्र नाही. पाच लॉट एका पाकिटात गेले आणि ते पाकीट हरवले, तर पाचही गेले. विमा नसलेल्या टपालाची भरपाई आतल्या वस्तूच्या किमतीवर ठरत नाही. म्हणून महागडा एखादा लॉट असेल तर तो विमा उतरवून वेगळा पाठवावा आणि त्याचा खर्च वेगळा घ्यावा. खरेदीदाराने 'सगळे एकातच घाला' म्हटले, तर तसे त्याच्याकडून लेखी घ्यावे. कुरिअरने पाठवताना आकारही पाहावा. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येणारे वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तेच धरतात. ३० बाय २५ बाय २० चे खोके अशा हिशेबात ३ किलोचे ठरते, आत दोनच किलो माल असला तरी. लिथो चित्रे, नकाशे असा मोठा पण हलका माल कधी कधी दोन पाकिटांत स्वस्त जातो.

माल साठवून ठेवण्यावरून तंटे होतात, म्हणून मुदत हवी. पंधरा दिवस पुरतात. महिनाभर ठेवले की विक्रेत्याच्या कपाटात नावानावाचे ढीग साचतात आणि अदलाबदल होते. वस्तूंचे पैसे ४८ तासांत यायला हवेत; फक्त टपालाचे पैसे पाठवताना घ्यावेत. 'पुढचे लॉट जिंकलो तर सगळे एकदम देतो' हे मान्य करू नये. तसा खरेदीदार पुढे हरला की आधीच्या लॉटवरूनही मागे फिरतो आणि दुसऱ्या बोलीदाराला विचारायची वेळ निघून गेलेली असते. प्रत्येक लॉटवर पेन्सिलीने चिठ्ठीवर खरेदीदाराचे नाव, लॉट क्रमांक, तारीख आणि वजन लिहून ठेवावे. वजन लिहिलेले असले की 'आणखी किती बसेल?' या प्रश्नाला लगेच उत्तर देता येते, आणि 'तुमच्या खोक्यात अजून ८०० ग्रॅम जागा आहे' हा निरोप कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त विक्री करतो.

परदेशी खरेदीदारांसाठी ईबेवर विकणाऱ्यांना ही सोय तयार मिळते. भारतातले ईबे ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले तरी इथले विक्रेते परदेशी संकेतस्थळावर विकतात. तिथे एकत्र टपालाच्या सेटिंगमध्ये किती दिवसांतली खरेदी एकत्र धरायची आणि पुढच्या प्रत्येक वस्तूला किती टपाल, हे ठरवता येते. सूट त्या त्या लिस्टिंगला (वस्तूच्या विक्री-नोंदीला) लागू आहे ना, हे मात्र तपासावे. खरेदीदाराने लॉट जिंकताच पैसे भरू नयेत, आधी एकत्रित बिल मागावे. त्याने सुटे सुटे भरलेच, तर विक्रेत्याने टपालाचा फरक परत करावा. ईबे आपले कमिशन टपालासकट एकूण रकमेवर कापते, त्यामुळे टपाल फुगवून कमिशन वाचवण्याची युक्ती तिथे चालत नाही. ब्रिटनला पाठवताना १३५ पौंडांची मर्यादा लक्षात ठेवावी. ती वस्तूमागे नाही, एका पाठवणीमागे आहे. त्याखालच्या मालावरचा व्हॅट विक्रीच्या वेळीच संकेतस्थळ घेते. त्यावर गेलेले पाकीट सीमाशुल्काच्या हिशेबात अडकते. १०० आणि ६० पौंडांचे दोन लॉट एकत्र केले की टपालात वाचले त्यापेक्षा खरेदीदाराचे जास्त जाऊ शकते. तिथे दोन पाकिटेच बरी, आणि तसे करण्याआधी खरेदीदाराला विचारावे.

परतीचा प्रश्नही आधीच लिहून ठेवावा. पाचांपैकी एक वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल, तर तिची किंमत आणि ती परत पाठवण्याचा खर्च विक्रेत्याने द्यावा. मूळ टपाल परत करण्याची गरज नाही, कारण ते उरलेल्या चार वस्तूंसाठीही लागलेच होते. खरेदीदारांनीही बोली लावण्याआधी पिनकोड कळवावा, आणि लॉट जिंकून झाल्यावर 'आता पाठवा' एवढे स्पष्ट सांगावे. निम्मा उशीर या दोन गोष्टींमुळे होतो.

गटांच्या अॅडमिननी लिलावाच्या नियमांत एवढीच भर घालावी: टपालाची ओळ नसलेला लॉट लागणार नाही. त्या ओळीत चार गोष्टी असाव्यात. सेवा कोणती, किती वजनापर्यंत किंवा किती नगांपर्यंत किती रुपये, पॅकिंगचे किती, आणि माल किती दिवस जमा ठेवणार. दर बदलले की विक्रेत्याने ती ओळ बदलायची. बोली सुरू झाल्यावर तिच्यात फेरफार करायचा नाही.

आपला,
जुन्या पुस्तकांचा व तिकिटांचा एक संग्राहक, पुणे